कोडमधून माणसं घडवताना या चुका टाळा

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातली शंभर माणसं पी-फाइव्हमध्ये (p5.js, कोड लिहून चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) काढायला घेतली. पहिल्या दिवशी शंभर चेहरे निघाले, पण माणूस एकही नाही. शाळकरी पोराचे गाल आणि त्यांवर पांढऱ्या मिशा! फेटा, गाल, मिशा, सगळं मी वेगवेगळ्या रँडमवर, म्हणजे मनाला येईल तो आकडा काढून देणाऱ्या फंक्शनवर, सोडलं होतं.

ही सगळ्यात मोठी चूक. आधी गोष्ट ठरवा. दत्तजयंतीच्या यात्रेत हा माणूस घोडा विकायला आलाय की नुसता बघायला? वय काय? तापीकाठी किती दिवस मुक्काम? एवढेच आकडे रँडमने काढा. मिशांचा रंग, सुरकुत्या, पाठीचा बाक वयावरून ठरू द्या; धोतरावरची धूळ आणि डोळ्यांवरची झोप मुक्कामावरून. वयासाठी रँडमगॉशियन बरं (त्यात मधल्या आकड्याजवळचे आकडे जास्त निघतात), कारण साध्या रँडममध्ये म्हातारे आणि मधल्या वयाचे सारखेच निघतात.

चेहरा थरथरत असेल तर रँडम ड्रॉमध्ये राहिलाय. ड्रॉ म्हणजे चित्र पुन्हा पुन्हा काढणारा कोडचा भाग; तो सेकंदाला साधारण ६० वेळा चालतो. आकडे सेटअपमध्ये, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात, काढून ठेवा. ड्रॉ पुन्हा चालू न देणाऱ्या नोलूपनेही थरथर थांबते, पण मग पापणीही लवत नाही.

आवडलेला चेहरा पुन्हा हवा, तर रँडमसीडला आकडा (सीड) द्या, म्हणजे रँडममधून पुन्हा तेच आकडे निघतील, आणि चित्राच्या फाइलला तोच आकडा नाव म्हणून द्या. खरा घोळ त्यानंतर होतो. मी कानात बाळी घालायला मध्येच एक रँडम वाढवला. सीड तेच, तरी त्या माणसाचं नाक बदललं आणि त्याच्यामागचे सगळे ओळखू येईनात. सीडमुळे आकड्यांची रांग ठरते; मध्ये एक घुसला की मागचे सगळे सरकतात. म्हणून प्रत्येक माणसाला स्वतःचं सीड द्या, आणि नव्या गुणाचा आकडा सगळ्यात शेवटी काढा. यात माझे दोन दिवस गेले, म्हणून सविस्तर सांगतोय.

डोकं एकीकडे, धड दुसरीकडे? पुश (आधीची जागा आणि फिरवणं जपून ठेवणारी आज्ञा) लिहून पॉप (ते परत आणणारी) राहिलाय.

फेट्याचा शेमला वाऱ्यावर हलण्याऐवजी झटके देत असेल तर नॉइजची (हळूहळू बदलणारे आकडे देणाऱ्या फंक्शनची) पावलं मोठी आहेत. ०.००५ ते ०.०३ च्या दरम्यान ठेवून बघा.

शेवटी मी एकच प्रश्न वाढवला: घोडा विकला गेला का? उत्तर ‘हो’ आलं की खांदे थोडे उतरतात आणि हातात रिकामा लगाम राहतो. सत्तेचाळिसाव्या माणसाचं वय बासष्ट निघालं, उत्तर ‘हो’. त्याच्याकडे मी बराच वेळ बघत बसलो.