कमी बजेटचा झॉम्बीपट करताय? या चुका टाळा

हौशी माणसाला परवडेल असा भयपटाचा प्रकार म्हणजे झॉम्बीपट. परग्रहवासी दाखवायचा तर यान लागतं, राक्षस दाखवायचा तर व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर तयार केलेली दृश्यं लागतात. झॉम्बीला, म्हणजे चालत्या मुडद्याला, मात्र एक माणूस, फाटका शर्ट आणि थोडा मेकअप पुरतो. त्यामुळे पहिला सिनेमा करणारे अनेकजण इकडेच वळतात आणि त्यातले बरेचसे सिनेमे पंधराव्या मिनिटालाच कंटाळवाणे होतात. पैसे कमी होते म्हणून असं झालं, हे मला पटत नाही. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ १९६८ साली सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये तयार झाला. त्यातलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप होतं, कृष्णधवल चित्रीकरणात ते सहज खपून गेलं. तो सिनेमा आजही अंगावर येतो. फसलेल्या झॉम्बीपटांत बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते: सगळा पैसा, वेळ आणि उत्साह मेलेल्यांवर खर्च झालेला असतो आणि जिवंत पात्रांच्या वाट्याला काहीच आलेलं नसतं.

माणसं आधी, झॉम्बी नंतर

नेहमीची सुरुवात आठवा. प्रयोगशाळा, फुटलेली कुपी, बातम्यांचे तुकडे आणि मग गाडीतून आडबाजूच्या घराकडे निघालेले पाच-सहा तरुण. त्यांची नावंही लक्षात राहत नाहीत, मग त्यांच्यापैकी कुणी चावला गेला तर प्रेक्षकाने हळहळावं तरी कशासाठी?

यावर उपाय संहितेच्या टप्प्यावरच करावा लागतो. पात्रं कमी करा, तीन पुरेत. त्यांच्यात असा एखादा तंटा असू द्या, जो झॉम्बी आले नसते तरी पेटलाच असता. रोमेरोच्या सिनेमात घराबाहेर मुडदे जमलेले असताना आतली माणसं एकाच मुद्द्यावर भांडतात: तळघरात कोंडून घ्यायचं की वर घरातच राहून लढायचं. या भांडणाला खर्च काय, तर दोन चांगले नट आणि एक दरवाजा. पण सिनेमातला निम्मा ताण तिथूनच येतो.

दुसरी चूक म्हणजे पात्रांचा मूर्खपणा. अंधारात एकट्याने बाहेर जाणारा माणूस बघून प्रेक्षक घाबरत नाही, वैतागतो. जायलाच हवं असेल तर सबळ कारण द्या. औषध संपलंय, धाकटा भाऊ बाहेर राहिलाय, पाणी उरलेलं नाही. माणूस शहाणा असूनही अडकतो, तेव्हाच प्रेक्षक त्याच्याबरोबर अडकतो.

आणि नियम ठरवा. चावल्यावर किती वेळात बदल होतो, झॉम्बी आवाजाने येतात की वासाने, मरतात कसे. एकदा ठरलं की शेवटपर्यंत मोडायचं नाही. नायकाला सहा तास आणि त्याच्या मित्राला सहा मिनिटं दिलीत, की प्रेक्षकाचा विश्वास उडालाच.

आवाजाकडे सर्वात जास्त लक्ष द्या

चित्र थोडं ओबडधोबड असेल तर प्रेक्षक चालवून घेतो, आवाज वाईट असेल तर नाही. ‘ट्वेंटी एट डेज लेटर’ (२००२) मोठ्या प्रमाणावर साध्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झाला आणि त्याचं खरखरीत चित्र त्या उजाड जगाला शोभलं. पण कॅमेऱ्यावरच्याच माइकने, दहा फुटांवरून टिपलेले संवाद कुठल्याही कथेला शोभत नाहीत. पोकळ, घुमणारा, मागे वाऱ्याची घरघर असलेला आवाज आला की समोरचं सगळं नाटकाच्या तालमीसारखं वाटू लागतं.

पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येणार असतील, तर चांगला माइक आणि तो बूमवर (लांब काठीवर) नीट धरणारा माणूस यांवर करा. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प बसवून तिथली शांतता अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. संकलनात दोन टेक जोडताना तीच उपयोगी पडते. हाड मोडल्याचा आवाज हवा असेल तर माइकजवळ सेलरी या भाजीचा देठ मोडा, आणि मांस फाडल्याचा हवा असेल तर ओलं कापड पिळा. हे जुने, कसलेले उपाय आहेत.

शिवाय आवाजाने झॉम्बी न दाखवताही दाखवता येतात. ‘पाँटीपूल’ (२००८) हा कॅनडातला सिनेमा जवळजवळ पूर्णपणे एका रेडिओ केंद्रात घडतो. बाहेरचा गोंधळ आपल्यापर्यंत येतो तो मुख्यतः फोनवरून आणि बातम्यांतून. निवेदकाच्या चेहऱ्यावर ती बातमी उमटताना दिसते आणि आपली कल्पनाशक्ती उरलेलं शहर स्वतःच पेटवते. दाराबाहेर वीस झॉम्बी उभे करण्यापेक्षा दारावर होणारी खरखर ऐकवा. माझ्या मते ती जास्त भयंकर असते.

एक मात्र सांभाळा: प्रत्येक प्रसंगाखाली पार्श्वसंगीत घालू नका. सतत ढणाढण वाजत राहिलं तर दचकवण्यासाठी लागणारी शांतताच उरत नाही.

रक्त, मेकअप आणि रात्र

चेहरा राखाडी, पण हात, मान आणि कान ताजेतवाने गुलाबी: हा मेकअपमधला सर्वात जास्त दिसणारा दोष. दात पांढरेशुभ्र, नखं स्वच्छ. जे कॅमेऱ्यात येणार ते सगळं रंगवा आणि वेळ नसेल तर ते फ्रेममध्ये येऊच देऊ नका.

नुसता लाल खाद्यरंग पडद्यावर सरबतासारखा दिसतो. त्यात किंचित कोको किंवा निळ्या रंगाचा एखादा थेंब मिसळा. जुनं रक्त तपकिरी, जवळजवळ काळं हवं. मेलेल्याचं हृदय धडधडत नाही, तेव्हा झॉम्बीच्या गळ्यातून कारंजं उडणं चुकीचंच. संगणकावर डकवलेलं रक्त तर शक्यतो नकोच. ते हवेत उडतं, पण शर्टावर आणि फरशीवर पडत नाही. पिस्तुलाच्या डकवलेल्या ज्वाळेचंही तसंच. हाताला झटका नाही आणि भिंतीवर उजेड नाही, तर गोळी सुटल्यासारखी वाटणार कशी?

रात्र हवी असेल तर कॅमेऱ्याचा आयएसओ (उजेडाला दिलेली संवेदनशीलता) भरमसाट वाढवू नका, चित्रात नुसते दाणे येतात. संधिप्रकाशात चित्रित करा, किंवा एका खिडकीतून, एका टॉर्चमधून येणारा उजेड धरून बाकीचं अंधारात सोडा.

गर्दीसाठी माणसं नसतील तर लांब, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स लावा. दहा-बाराजण दाटीने उभे असल्यासारखे दिसतात. फक्त सगळ्यांना एकाच पद्धतीने हात पुढे करून चालायला लावू नका. हा कशाने मेला, याची कुठली बाजू निकामी झाली, हे प्रत्येकाला आधी सांगा. चालण्यातला फरक आपोआप येईल.

चित्रीकरण संपलंय आणि सिनेमा फसलाय?

अजून बरंच वाचवता येतं. आधी संवाद नीट ऐकू येत नसतील तर ते शांत खोलीत पुन्हा रेकॉर्ड करा आणि सगळा ध्वनिपट नव्याने बांधा. मग मेकअप उघडा पडतो ते शॉट शोधा. तीन सेकंदांचा शॉट पंधरा फ्रेमचा, म्हणजे सेकंदाहूनही कमी केला की तोच मुखवटा भीतीदायक वाटू शकतो. झॉम्बीचा शॉट काढून टाकून तिथे बघणाऱ्याचा चेहरा ठेवून पाहा.

त्यानंतर लांबी. नव्वद मिनिटं भरावीत म्हणून माणसं रानातून चालतच राहतात, असे सिनेमे खूप आहेत. तुमच्याकडे पंचवीस मिनिटांची गोष्ट असेल तर लघुपट करा. चाचणीसाठी दाखवताना सिनेमात काम केलेल्यांना बोलावू नका, आणि प्रेक्षक कुठे मोबाइल बाहेर काढतात ते टिपून ठेवा. कात्री तिथेच लावायची.

शेवटी पोस्टर. जळतं शहर, हेलिकॉप्टर आणि हजारोंचा लोंढा छापून आत सात झॉम्बी आणि एक शेड दाखवलीत, तर बघणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं आणि त्या सातांमध्ये काही चांगलं असलं तरी ते त्याच्या नजरेतून निसटतं. शेडच छापा, दाराची फट आणि आतून बघणारा तुमचा नट.