उभ्या गाडीचा कार्बोरेटर 'ओव्हर' होतो तेव्हा

जुनी स्प्लेंडर, आरएक्स १०० किंवा बुलेट वर्ष-दोन वर्षं गावच्या पडवीत उभी असते. एक दिवस तिच्यावरची धूळ झटकून टाकीत लिटरभर ताजं पेट्रोल ओतलं आणि टाकीखालचा कॉक (पेट्रोलची तोटी) उघडला की पाचेक मिनिटांत कार्बोरेटरखाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाखाली, थेंब सुरू होतात. गॅरेजच्या भाषेत कार्बोरेटर 'ओव्हर' झाला. नवीन नीडल (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) टाकली की गळती थांबते आणि आठवड्याभरात पुन्हा सुरू होते, कारण घाण टाकीत तशीच राहिलेली असते. त्यामुळे कार्बोरेटर उघडायचा असला तरी हे काम टाकीपासूनच धरावं लागतं. (एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांपैकी बहुतेकांना कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आहे, त्यांना यातलं फारसं काही लागू नाही.)

टाकी वर आणि कार्बोरेटर खाली, म्हणून पेट्रोल आपल्या वजनानेच उतरतं. फ्लोट चेंबर (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) ठरावीक पातळीपर्यंत भरलं की तरंगणारा फ्लोट आपल्या जिभेने नीडल वर ढकलतो, नीडलचं रबरी टोक पितळी सीटवर बसतं आणि वाट बंद होते. गाडी उभी राहिली की चेंबरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे तपकिरी, चिकट राळ उरते. नीडल सीटला चिकटते किंवा तिरकी बसते. त्यात पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल शोषतं. कोकणात एक पावसाळा गेला तरी टाकीच्या तळाशी पाणी, टाकीला आतून गंज आणि चेंबरमध्ये पांढरी भुकटी एवढा ऐवज सापडू शकतो. गंजाचा डोळ्याला न दिसणारा कण नीडलखाली अडकला तरी गळतीला तेवढं पुरतं.

काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. विडी-सिगरेट, देवाचा दिवा, गॅसची शेगडी काहीही जवळपास नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवा. आणि मुख्य म्हणजे, पेट्रोल ठिबकत असताना किक मारू नका.

आधी थेंब कुठून येतो ते बघा. कार्बोरेटर फडक्याने कोरडा पुसा, गाडी मेन स्टँडवर घ्या, कॉक उघडा आणि टॉर्च धरून बघत बसा. ओव्हरफ्लोच्या (जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या) नळीतून येत असेल तर दोष नीडल, सीट, फ्लोट यांपैकी कशात तरी आहे, किंवा चेंबरच्या आत उभी असलेली पितळी ओव्हरफ्लो नळी चिरली आहे. चेंबरच्या सांध्यातून पाझरत असेल तर गॅस्केट गेलं. तळाच्या ड्रेन स्क्रूतून असेल तर स्क्रू नीट बसलेला नाही किंवा त्याची ओ-रिंग वाळली. कॉकच्या दांडीभोवती ओल दिसली तर आतला भोकांचा रबरी वॉशर कडक झालाय. उभ्या गाडीत यांतले दोन-तीन दोष एकत्र असतात, म्हणून पहिला सापडला की थांबू नका.

नळी चिरली आहे की नीडल गळते आहे, हे कार्बोरेटर न उघडताही कळतं. ड्रेनच्या नळीला पारदर्शक पाइप जोडा, त्याचं दुसरं टोक कार्बोरेटरच्या बाजूने वर धरा आणि ड्रेन स्क्रू सैल करा. (ड्रेन आणि ओव्हरफ्लो एकाच नळीतून बाहेर येत असतील तर ही तपासणी नीट होत नाही.) पाइपमधली पातळी तीच चेंबरमधली पातळी. ती चेंबरच्या सांध्याच्या थोडी खाली स्थिर राहिली आणि तरीही ओव्हरफ्लोतून गळत असेल तर नळी चिरली आहे. पातळी वर चढतच राहिली तर नीडल बंद होत नाही.

ओव्हरफ्लोची नळी मातीने किंवा कुंभारमाशीच्या घराने बुजली असेल तर प्रकरण वाईट होतं. बाहेर थेंब दिसत नाही, पेट्रोल इनटेकमधून (इंजिनात जायच्या वाटेने) सिलिंडरमध्ये आणि फोर-स्ट्रोक गाडीत तिथून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली असेल किंवा ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर ते ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही. किक अडल्यासारखी लागली तर जोर लावू नका. प्लग काढून हळूहळू किक फिरवा, साचलेलं पेट्रोल बाहेर पडेल.

पेचकसाच्या मुठीने चेंबरवर हलके ठोके दिले की कधीकधी गळती थांबते. सीटवरचा कण सरकतो, एवढंच. गाडी गॅरेजपर्यंत न्यायला हा उपाय ठीक आहे.

आता टाकी. कॉक बंद करा, पाइप काढून बाटलीत सोडा आणि अर्धा तास थांबा. थेंबही यायला नको. मग कॉक उघडा, धार सलग यायला हवी. थोड्या वेळाने धार बारीक होत गेली तर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय किंवा कॉकची जाळी. टाकीतलं सगळं जुनं पेट्रोल कॅनमध्ये काढा, ते गटारात ओतू नका आणि पुन्हा टाकीतही नको. आत टॉर्च मारा. नुसता तांबूस थर असेल तर कॉक आणि इंधनकाट्याचा फ्लोट काढून, भोकं बंद करून, मूठभर नट आणि थोडं डिझेल घालून टाकी हलवत राहिलं तरी बरंच निघतं. पापुद्रे सुटत असतील तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व घ्या. लिटरभर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम, टाकी काठोकाठ भरून रात्रभर. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच उन्हात किंवा ब्लोअरने कोरडी करा आणि आतून पेट्रोल-ऑइलचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात गंजाची नवी पावडर येते. पाणी रंगावर सांडू देऊ नका. कॉकची जाळी आणि तळाची वाटी याच वेळी धुऊन घ्या.

मग कार्बोरेटर. चेंबरचे स्क्रू बहुतेकदा जाम असतात. त्यांची डोकी मऊ असतात, चुकीच्या मापाच्या फिलिप्स पेचकसाने ती गोल होतात. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, नेमका बसणारा पेचकस लावून हातोडीने वरून एक टोला द्या आणि मगच फिरवा. फ्लोटची पिन काढताना घाई नको. ती एका बाजूने घट्ट बसवलेली असते आणि तिचे खांब ठिसूळ असतात. खांब मोडला की कार्बोरेटर भंगारात.

नीडलचं टोक नखाखाली फिरवून बघा. गोल रेघ पडलेली असेल तर नीडल बदला. सीट वेगळी मिळत असेल तर तीही. सीट दाबून बसवलेली असेल तर कान कोरायच्या काडीवर थोडं ब्रासो घेऊन हलक्या हाताने वीसेक वेळा फिरवा आणि कार्बोरेटर क्लीनरने धुवा. पॉलिश पेपर अजिबात नको, त्याचे ओरखडे कायमचे राहतात. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडतो, म्हणजे बाद. पितळी फ्लोटची शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, भोक असेल तिथून बुडबुडे येतील. एवीतेवी उघडलाच आहे तर जेटही (पेट्रोल सोडणारी बारीक भोकांची पितळी तोंडं) काढून धुवा. पायलट जेटमध्ये (त्यांतलं सगळ्यात बारीक) सुई किंवा स्टीलची तार घालू नका, विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार पुरते.

जोडल्यावर, चेंबर लावायच्या आधी, नीडलची परीक्षा घ्या. इनलेटला स्वच्छ पाइप लावा, कार्बोरेटर उलटा धरा आणि तोंडाने हलकं फुंका. फ्लोटच्या वजनाने नीडल बंद असते, हवा जाता कामा नये. सुलटा केला की गेली पाहिजे. इथे कंप्रेसर वापरू नका. फ्लोटची उंची मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. मोजताना कार्बोरेटर असा तिरका धरा की फ्लोटची जीभ नीडलच्या स्प्रिंगच्या टोकाला नुसती टेकेल, ते दबणार नाही. धातूची जीभ किंचित वाकवता येते. प्लास्टिकच्या फ्लोटला ती सोय नसेल तर फ्लोटच बदलावा लागतो.

गॅस्केट नवीनच घाला. जुनं पेट्रोलने फुगलेलं असतं, खाचेत मावत नाही. अगदीच अडलं तर रात्रभर हवेवर ठेवा, थोडं आखडतं. सांध्याला सिलिकॉन किंवा शेलॅक लावायचा मोह आवरा, त्याचे तुकडे सुटून जेटमध्ये जातात. साध्या रबराची ओ-रिंगही पेट्रोलमध्ये फुगते, नायट्राइल किंवा व्हायटॉनची मागा. चेंबरचे स्क्रू समोरासमोर, थोडेथोडे आवळा. पेट्रोलचा पाइप कडक झाला असेल तर इंधनाचाच नवा घ्या, दोन्ही टोकांना क्लिप लावा आणि तो इंजिनला टेकणार नाही अशी वाट द्या. मध्ये फिल्टर बसवायचा तर कार्बोरेटरच्या गाडीचा घ्या. इंजेक्शनच्या फिल्टरमधून नुसत्या उताराने पुरेसं पेट्रोल येत नाही.

शेवटी लिटरभर ताजं पेट्रोल घाला, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि कॉक उघडून अर्धा तास थांबा. पेट्रोल उडालं तरी कागदावर डाग राहतो. हेच साइड स्टँडवर पुन्हा करा. फक्त साइड स्टँडवर ठिबकलं तर फ्लोटची पातळी किंचित वर आहे. सगळं कोरडं राहिलं तरच किक मारा. शंभरेक किलोमीटरनंतर ड्रेन स्क्रू उघडून चेंबरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी तांबूस गाळ बसला तर टाकी पुन्हा उतरवायची आहे.