दुकानाचे आयडल गेम खेळताय? या चुका टाळा

पंचवटी एक्स्प्रेसच्या डब्यात हल्ली जो तो मोबाइलवर सुपरमार्केट चालवतो. आयडल गेम म्हणजे आपण नुसते बसलो तरी कमाई चालू राहणारा गेम. खुशाल चालवा. पण त्याच त्याच चुका बघून डोकं उठतं, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे फोनचं घड्याळ पुढे करणं. गेम बंद असतानाही दुकान कमावतं, पण ठरावीक तासच. त्यामुळे तारीख महिनाभर पुढे नेली तरी पदरात तेवढ्याच तासांची कमाई पडते. सातपूरच्या आमच्या भाच्याला हे पटेना. रेटून रेटून पठ्ठ्या थेट पुढच्या वर्षात पोहोचला. मग व्हॉट्सअॅप तारीख चुकीची म्हणून अडून बसलं आणि बँकेचं अॅप उघडेना, तेव्हा त्याने तारीख मुकाट जागेवर आणली. आता गेमच्या हिशेबी शेवटचा गल्ला पुढच्या वर्षी मोजलेला! ऑफलाइन कमाई शून्य, फुकटच्या पेटीवर कित्येक महिन्यांचा काउंटडाउन. "मामा, गेम हॅक झालाय." हॅक कसला, तूच केलंस. क्लाउडवरचा सेव्हही तसाच बिघडलेला. शेवटी सगळा डेटा पुसून त्याला पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करावी लागली. माझ्या फोनवर तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर असते आणि मी त्या सेटिंगला हात लावत नाही.

दुसरी चूक हिशेबाची. पैसे आले की पोरं दिसेल तो रॅक अपग्रेड करत सुटतात. शनिवारी नाशिकच्या रविवार कारंजा बाजारात एखाद्या दुकानात माल छतापर्यंत रचलाय आणि बिल करायला एकच माणूस आहे, तर गल्ल्यात किती येणार? गेममध्येही तेच. आधी रांग कुठे लागलीय ते बघा. कॅश काउंटरला असेल तर कॅशियर वाढवा, रॅक रिकामे दिसले तर माल भरणारा. मी गेम उघडला की काहीही न दाबता थोडा वेळ नुसतं गिऱ्हाईक बघतो. अपग्रेडची किंमत दर लेव्हलला ठरावीक टक्क्यांनी चढते, म्हणून चुकीच्या जागी घातलेला पैसा पुढे फार महागात पडतो. बऱ्याच गेममध्ये २५, ५०, १०० अशा लेव्हलच्या टप्प्यांवर कमाई एकदम वाढते. २३वर असाल तर २५ गाठा, मग दुसरीकडे वळा. सजावट, गालिचे वगैरे राहू द्या.

जाहिराती बघायच्याच, गेम बराचसा त्यांच्यावर चालतो. पण चिल्लर दुप्पट करायला ३० सेकंद का घालवायचे? रात्रभराची कमाई सकाळी दुप्पट करून घ्या, ती जाहिरात वसूल होते. आणि इगतपुरी सुटल्यावर जाहिरात लावूच नका. कसारा घाटातल्या बोगद्यात नेटवर्क गेलं की जाहिरात अडकते आणि बक्षीसही हुकतं.

जाहिरातीतलं फुलीचं बटण नीट बघून दाबा, घाई केली की प्ले स्टोअर उघडलंच.

'नो अॅड्स' पॅकने बहुतेक वेळा मध्येच घुसणाऱ्या जाहिराती जातात, बक्षिसाच्या राहतात. वाचून पैसे भरा.

'खेळा आणि खरे पैसे कमवा' म्हणणाऱ्या जाहिरातींबद्दल मी बोलतच नाही.

आठवड्याची व्हीआयपी मेंबरशिप फुकट ट्रायल म्हणून घेतली असेल तर गेम डिलीट केल्याने ती बंद होत नाही, पैसे कटत राहतात. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करून सबस्क्रिप्शन रद्द करा, मग गेम उडवा.