लहान मुलाचा न्यूमोनिया: छातीच्या एक्स-रेवर कधी आणि किती विसंबायचं

ताप-खोकला असलेल्या मुलाला न्यूमोनिया झालाय का, याचा अंदाज आधी त्याच्या श्वासावरून येतो. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा, छाती-पोट उघडं ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण १ मिनिट श्वास मोजा. १५ सेकंद मोजून चौपट करू नका. तान्ह्यांचा श्वास घटकेत मंदावतो, घटकेत धावतो, त्यामुळे आकडा चुकतो. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा धरू नका. ताप चढलेला असेल तर उतरल्यावर पुन्हा मोजा.

२ महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्ष ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षे ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. मूल त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, सुस्त पडलं असेल, झटके येत असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली असेल, तर एक्स-रे सेंटरची रांग धरू नका, थेट रुग्णालय गाठा. ऑक्सिजन आधी, फिल्म नंतर.

मूल पीत-खात असेल, ऑक्सिजन चांगला असेल आणि घरीच औषध द्यायचं ठरलं असेल, तर बहुतेक वेळा एक्स-रे लागत नाही, कारण फिल्म कशीही आली तरी उपचार तोच राहतो. भरती करावं लागलं, अँटिबायोटिक सुरू करून ४८ ते ७२ तासांत उतार पडला नाही, स्टेथोस्कोपने एका बाजूला हवा कमी ऐकू येते (पाणी किंवा पू साचल्याची शंका), किंवा दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणं, घरात क्षयरोगी असणं, अशा वेळी मात्र काढायलाच हवा. शेंगदाणा खाताना ठसका लागून खोकला सुरू झाला असेल तर ते आवर्जून सांगा. शेंगदाणा फिल्मवर दिसत नाही. फिल्म नॉर्मल आली तरी श्वासनलिकेत तो अडकलेला असू शकतो.

काढण्याआधी ताईत, साखळी, सेफ्टी पिन, बटणांचं झबलं काढा, वेणी वर बांधा. केसांची बटसुद्धा फुप्फुसाच्या टोकावर डाग उमटवते. बाळाला धरायला गरोदर बाईने थांबू नये.

फिल्म हाती आली की डाग शोधण्याआधी ती नीट निघाली आहे का ते बघा. बहुतेक चुकीची निदानं इथेच होतात. श्वास पूर्ण आत घेतलेला असेल तर छाती आणि पोट वेगळं करणाऱ्या स्नायूच्या पडद्याच्या वर पुढच्या ५-६ बरगड्या मोजता येतात. श्वास सोडताना काढलेल्या फिल्ममध्ये फुप्फुसं पांढुरकी आणि हृदय मोठं दिसतं. निरोगी बाळालाही न्यूमोनियाचं लेबल लागतं. मूल वाकडं असेल तर एक बाजू काळी, दुसरी पांढरी दिसते. दोन्हीकडच्या बरगड्या सारख्या लांबीच्या दिसतात का, ते पाहा. लहान बाळात हृदयाच्या वर शिडासारखी सावली दिसते, ती थायमस नावाची ग्रंथी असते, न्यूमोनिया नव्हे. उलट, हृदयामागे लपलेला डाव्या खालच्या भागातला न्यूमोनिया सहज निसटतो.

‘मार्किंग्ज (फुप्फुसातल्या रेघा) वाढल्या आहेत’ एवढ्या एका ओळीवरून न्यूमोनिया ठरवू नका. विषाणूजन्य सर्दी-खोकल्यातही तसं दिसतं आणि अशा पुसट सावल्यांवर दोन तज्ज्ञांचंही एकमत होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली लसींच्या अभ्यासासाठी एक्स-रे वाचनाची पद्धत ठरवली, तेव्हा ठळक घट्ट डाग किंवा फुप्फुसाभोवतीचं पाणी वेगळं काढलं, कारण त्यावर वाचणाऱ्यांचं मत जास्त जुळतं. तरीही डाग जिवाणूचा की विषाणूचा, हे फिल्म सांगत नाही. आणि आजार नुकताच सुरू झाला असेल तर फिल्म स्वच्छही येते.

सोनोग्राफीत किरणांचा प्रश्न नाही, पाणी तर ती एक्स-रेपेक्षा चांगलं दाखवते. पण छातीच्या भिंतीला न टेकणारा डाग तिला दिसत नाही, आणि सगळं करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं.

मूल खेळू लागल्यावरही डाग काही आठवडे राहतो, म्हणून बरं झाल्यावर सरसकट दुसरी फिल्म नको. त्याच जागी पुन्हा न्यूमोनिया झाला किंवा फुप्फुसाचा भाग हवा न राहून मिटलेला होता, तर ४ ते ६ आठवड्यांनी काढतात. तेव्हा जुनी फिल्म सोबत न्या. खिडकीला लावून मोबाइलवर घेतलेल्या फोटोवरून तुलना होत नाही.