इमर्जन्सीत येताना आणि आल्यावर: या चुका टाळा

पेशंट इमर्जन्सीत आत येतो तेव्हा नर्सच्या हातात ना रिपोर्ट असतो, ना निदान. समोर माणूस असतो आणि त्याला घेऊन आलेलं कुणीतरी जी हकीकत सांगेल ती असते. श्वास, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, साखर, शुद्ध हे सगळं आम्ही काही मिनिटांत मोजतो. पण त्रास नेमका कधी सुरू झाला आणि त्याआधी पोटात कोणतं औषध गेलं, हे कुठलंच मशीन सांगत नाही. मेडिसिन वॉर्डातून मी स्वतः मागणी करून इमर्जन्सीत आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत सर्वात जास्त नुकसान होताना पाहिलं ते याच दोन उत्तरांच्या गोंधळामुळे. म्हणून बहुतेक चुका या दोन गोष्टींभोवतीच्या आहेत.

वेळ न बघता निघणं

तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलला जात नाही, बोलणं अडखळतंय किंवा शब्दच सापडत नाहीत. ही अर्धांगाच्या झटक्याची लक्षणं आहेत. अशा पेशंटच्या नातेवाइकांना माझा पहिला प्रश्न असतो, "यांना शेवटचं व्यवस्थित कधी पाहिलं होतं?" उत्तर मिळतं, "सकाळी उठले तेव्हापासून असंच आहे." म्हणजे सकाळी लक्षात आलं. पण झटका रात्री झोपेत कधी आला? रात्री 10 वाजता ते सगळ्यांशी नीट बोलून झोपले असतील, तर आमचं घड्याळ रात्री 10 पासून चालू होतं, सकाळी 6 पासून नाही.

रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात. त्यानंतर त्याचा फायदा कमी होतो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. काही निवडक पेशंटमध्ये नळी घालून गुठळी काढता येते आणि त्याची मुदत 24 तासांपर्यंत जाते, पण तेही स्कॅन पाहूनच ठरतं. म्हणजे वेळ चुकीची सांगितली तर दोन्हीकडून घात होतो. देता येण्यासारखं औषध हातचं जातं, किंवा देऊ नये ते दिलं जातं. तेव्हा अंदाजाने वेळ ठोकून देऊ नका. "रात्री 10 ला ठीक होते, सकाळी 6 ला असं दिसलं, मधलं माहीत नाही" हे आमच्यासाठी पूर्ण उत्तर आहे.

या पेशंटला वाटेत पाणी पाजू नका, गोळीही देऊ नका. गिळण्याची ताकद गेलेली असू शकते आणि पाणी थेट फुप्फुसात जातं. रक्त पातळ करणारी गोळी तर मुळीच नको. झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कुणालाही सांगता येत नाही. हात थोड्या वेळाने आपोआप हलायला लागला तरी या. पुढचा मोठा झटका येण्याआधी मिळालेली ती सूचना असू शकते.

"गॅस असेल" म्हणून थांबणं

हृदयविकाराचा झटका म्हणजे छाती धरून कोसळणारा माणूस, हे चित्र डोक्यातून काढायला हवं. दुखणं जबड्यात, पाठीत, खांद्यात किंवा पोटाच्या वरच्या भागातही असतं. स्त्रिया, वयस्कर माणसं आणि मधुमेही यांच्यात कधीकधी दुखतच नाही. नुसता दम लागतो, दरदरून घाम येतो, मळमळतं, अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटतं. दोन-तीन तास ॲसिडिटीचं औषध घेऊन, पडून राहून मग येणारे पेशंट मी सतत बघते. त्या वेळात हृदयाचा जो स्नायू मेला तो पुन्हा तयार होत नाही.

आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी काढायचा, असं आमचं उद्दिष्ट असतं. त्यासाठी दारातच "छातीत दुखतंय" किंवा "दम लागून घाम आलाय" एवढंच सांगा. नाव, पत्ता, जुने आजार नंतर. स्वतः गाडी चालवत येऊ नका, रुग्णवाहिका बोलवा. वाटेत हृदयाचे ठोके बिघडले तर तिथे यंत्र आणि माणसं हजर असतात.

औषधं लपवणं, विसरणं, "ती पांढरी गोळी" म्हणणं

यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण इथे लाज आडवी येते.

छातीत दुखणाऱ्या पुरुषाला आम्ही विचारतो, "लैंगिक ताकदीची गोळी घेतली होती का?" सोबत बायको किंवा मुलगा उभा असतो आणि मान नकारार्थी हलते. हा प्रश्न चौकशीचा नाही. अशा गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यापासून 24 तासांत आणि टाडालाफिल घेतल्यापासून 48 तासांत छातीच्या दुखण्यावरची, जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी दिली, तर रक्तदाब एवढा खाली येऊ शकतो की जीव जातो. चारचौघांत सांगायचं नसेल तर "सिस्टर, जरा एकटं बोलायचंय" म्हणा. सोबतच्यांना बाहेर पाठवायचं काम माझं.

दारू, झोपेच्या गोळ्या, नशेची औषधं, जडीबुटी, गर्भपाताची गोळी, रागाच्या भरात घेतलेलं काहीही, सगळ्याला हाच नियम. पॅरासिटामॉलच्या भरमसाट गोळ्या खाल्लेली व्यक्ती पहिला दिवस बहुतेक ठीकच दिसते, फार तर मळमळ आणि उलट्या. "आता बरं वाटतंय" म्हणून घरचे तिला परत न्यायला निघतात. लिव्हरचं नुकसान मात्र आतल्या आत सुरू झालेलं असतं. यावर उतारा आहे आणि तो पहिल्या 8 तासांत दिला तर फार चांगलं काम करतो. किती गोळ्या आणि किती वाजता, एवढं खरं सांगितलं तर लिव्हर वाचू शकतं. अशा पेशंटवर इथे कुणीही ओरडू नये, आणि कुणी ओरडलं तर ते चूक आहे असं मी मानते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेला माणूस पडला, डोक्याला मार लागला, तर टेंगूळ छोटं असलं तरी आणा. आत हळूहळू रक्त साचतं आणि पहिले काही तास तो गप्पा मारत बसलेला असतो.

ॲलर्जीबद्दलही एक सांगते. "या अँटिबायोटिकची ॲलर्जी आहे" असं सांगितलं की आम्ही ते औषध बाजूला ठेवतो. मग नीट विचारल्यावर कळतं की पोट बिघडलं होतं. तो दुष्परिणाम झाला. अंगावर गांधी उठणं, ओठ-चेहरा सुजणं, श्वास अडकणं ही ॲलर्जी. काय झालं होतं ते जसंच्या तसं सांगा, म्हणजे चांगलं औषध उगाच हातातून जाणार नाही.

उपाय सोपा आहे. औषधांच्या रिकाम्या पाकिटांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, डोससकट. ऐन वेळी घाईत काहीच सुचलं नाही तर घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून आणा. विष किंवा ॲसिड पोटात गेलं असेल तर बाटली सोबत हवीच. आणि उलटी करायला लावू नका. ॲसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं, रॉकेल फुप्फुसात शिरतं.

"आम्ही आधी आलो होतो"

इमर्जन्सीत नंबर आल्याच्या क्रमाने लागत नाही. नेपोलियनच्या सैन्यातल्या लॅरे या शल्यचिकित्सकाने जखमींचा हुद्दा न बघता जखमेची गंभीरता बघून क्रम लावायला सुरुवात केली, आणि आजचा ट्रायज, म्हणजे कुणाला आधी बघायचं हे ठरवण्याची पद्धत, त्याच विचारावर उभा आहे. आज अनेक ठिकाणी पाच पातळ्या ठरवलेल्या असतात. नव्या सिस्टरला आम्ही लगेच ट्रायजच्या टेबलावर बसवत नाही. आधी ती आत काम करते आणि शांत दिसणारे पेशंट कसे अचानक खालावतात ते स्वतः बघते. आरडाओरडा करणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. कोपऱ्यात घामाने भिजून गप्प बसलेल्या माणसाकडे आधी बघायचं, हे डोळ्यांत मुरायला वेळ लागतो.

तुम्हाला थांबवलं असेल तर तुमचा त्रास खोटा आहे असं कुणी ठरवलेलं नसतं. पण थांबताना बदल झाला तर लगेच येऊन सांगा, आणि बदलच सांगा. "अजून किती वेळ?" विचारलं तर उत्तर वेळेचं मिळेल. "मघाशी बोलत होते, आता झोपाळल्यासारखं करतायत" म्हटलंत तर मी हातातलं काम सोडून येते.

थांबताना पेशंटला खायला देऊ नका, पाणीही विचारूनच द्या. ऑपरेशन लागलं तर भूल देण्याआधी साधारण 6 तास पोटात घन अन्न नको असतं. आणि 0 ते 10 मध्ये दुखणं किती, असं विचारलं की वयस्कर माणसं "काही नाही, दोन" म्हणतात आणि मूठ मात्र घट्ट आवळलेली असते. त्यांना सोबत घेऊन येणाऱ्यांनी खरं ते सांगावं.

जखमेवर काहीबाही लावणं

भाजलं तर टूथपेस्ट, तूप, हळद, बर्फ काही नको. नळाच्या थंड पाण्याखाली 20 मिनिटं धरा. उशिरा सुचलं तरी तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. अंगठ्या आणि बांगड्या सूज येण्याआधी काढा. बोट तुटलं तर तो तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून बंद पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात ठेवला तर तो गोठून निकामी होतो.

बेडवर असताना: बिघाड आणि उपाय

*सलाईन थांबलं.* आधी हात बघा, कोपर किंवा मनगट दुमडलंय का. सरळ केल्यावर बहुतेक वेळा चालू होतं. नाही झालं तर बेल वाजवा. नळीवरचं चाक स्वतः फिरवू नका. त्या बाटलीत पोटॅशियम असेल आणि ते भराभर आत गेलं तर हृदय थांबू शकतं.

*सुईच्या जागी आग होतेय, सूज आहे.* सहन करत बसू नका. औषध शिरेबाहेर जात असेल तर काही औषधांनी त्वचा सडते.

*नळीत रक्त दिसतंय.* घाबरू नका, हात खाली ठेवल्यावर किंवा बाटली संपल्यावर असं होतं. हात सरळ ठेवा आणि आम्हाला सांगा.

*मॉनिटर वाजतोय.* आधी पेशंटकडे बघा. बोलतोय, रंग नेहमीसारखा आहे, तर बहुधा बोटावरची क्लिप निसटलीय किंवा हात थंड पडलाय. तरी बेल वाजवा, आवाज बंद मात्र करू नका.

*दम लागतोय म्हणून ऑक्सिजन वाढवावासा वाटतोय.* हात लावू नका. जुनाट दम्याच्या, विशेषतः धूम्रपानाने फुप्फुसं खराब झालेल्या काही पेशंटमध्ये आम्ही रक्तातला ऑक्सिजन मुद्दाम 88 ते 92 टक्क्यांवर ठेवतो. जास्त ऑक्सिजनने त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ते गुंगीत जातात. नातेवाइकांना वाटतं, शेवटी शांत झोप लागली.

*प्रत्येक जण पुन्हा नाव विचारतो.* विचारू द्या. औषध, रक्त, तपासणी, प्रत्येक वेळी पेशंटच्या ओळखीच्या दोन खुणा पडताळायच्या असतात. कुणी न विचारताच इंजेक्शन द्यायला लागलं, तर तुम्ही थांबवा आणि "हे कशाचं आहे, कुणासाठी आहे?" असं विचारा. चांगल्या नर्सला याचा राग येत नाही.

घरी सोडताना घाई करणं

सुटी मिळाली की सगळ्यांचं लक्ष दाराकडे लागतं. त्याआधी तीन गोष्टी विचारून लिहून घ्या. जुन्या औषधांपैकी कोणती बंद करायची, कोणती तपासणी अजून यायची आहे आणि तिचा निकाल कुणाला विचारायचा, आणि काय दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता परत यायचं. डोक्याला मार लागून गेलेल्यासाठी यादी अशी: वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, उठवूनही न उठणं, बोलण्यात गोंधळ. मोठी ॲलर्जी उठून बरं झालेल्यांना काही तासांनी तोच त्रास, ॲलर्जी करणारी गोष्ट पुन्हा पोटात न जाताही, परत होऊ शकतो, म्हणून ती पहिली रात्र घरात एकटं राहू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट ताप दिसला, तर कालच तपासून गेला असलात तरी परत या. मध्यरात्र असली तरी या. "उगाच त्रास दिला" असं आम्हाला वाटत नाही.