लॅबची नोकरी, पोटात बाळ आणि बाहेर साथ: नवीन मुलींसाठी माझा अनुभव

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून नुकत्याच लॅबला लागलेल्या मुली मला हमखास विचारतात की ताई, लग्नानंतर ही लाईन जमते का, प्रेग्नंट राहिल्यावर सॅम्पल हाताळायचे का, आणि परत कोरोनासारखं काही आलं तर काय, सोडायची का नोकरी? मी 2021 ची कोरोनाची दुसरी लाट नाशिकच्या सिडकोतून रोज स्कूटीवर जाऊन-येऊन एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली, पोटात बाळ असताना, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. गोळ्या-औषधं तुमच्या गायनॅकला विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपण घाबरतो एका गोष्टीला आणि धोका असतो दुसरीकडेच. नवीन मुलगी रक्ताची ट्यूब हातात घेताना थरथरते, पण बंद ट्यूबमधून श्वासाचा आजार उडून येत नाही हो. कोरोना, फ्लू, गोवर, कांजिण्या, टीबी हे सगळं माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून येतं. म्हणजे खरा धोका कुठे, तर कलेक्शन काउंटरला जिथे पेशंट मास्क खाली करून नाव सांगतो, स्वॅब घेताना, थुंकीचे नमुने उघडताना, आणि हे कोणाला पटत नाही पण आपल्या डबा खायच्या खोलीत. आमच्याकडे पीपीई घालून दिवसभर काम करणारे लोक दुपारी एका छोट्या बिनखिडकीच्या खोलीत मास्क काढून, गुडघ्याला गुडघा लावून भाजी वाटून खायचे आणि मग एकाच आठवड्यात निम्मा स्टाफ पॉझिटिव्ह! मी तेव्हापासून गच्चीच्या जिन्यात बसून एकटीच डबा खायला लागले. एक-दोघी म्हणाल्या भाव खाते, म्हणू दे.

म्हणून सुट्टी मागायच्या आधी काम बदलून मागा. "सर मला जमणार नाही" असं मोघम म्हटलं की समोरचा फक्त कटकट ऐकतो. त्यापेक्षा नेमकं सांगा, की स्वॅब, वॉर्डात जाऊन कलेक्शन आणि थुंकीची तपासणी सोडून मी बायोकेमिस्ट्रीचं मशीन, सीबीसी, रिपोर्ट एंट्री, क्वालिटी कंट्रोल, फोनवर क्रिटिकल व्हॅल्यू (धोक्याचे रिपोर्ट) कळवणं हे सगळं घेते. एप्रिलमध्ये सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन या कोरोना पेशंटच्या रक्ततपासण्यांचे इतके सॅम्पल यायचे की मशीनवर माणूस लागायचाच, त्यामुळे मी फुकटची सवलत घेत नव्हते हे सरांनाही दिसत होतं. तरी पहिल्यांदा उत्तर काय आलं, तर "बघू". हे बघू फार फसवं असतं. मी त्याच दिवशी गायनॅककडून दोन ओळींचं सर्टिफिकेट आणलं आणि त्यासोबत मेल टाकला, एचआरला सीसी करून. दुसऱ्या दिवशी ड्युटी चार्ट बदलला. तोंडी सांगितलेलं साथीच्या गर्दीत कोणाच्या लक्षात राहत नाही, लिहिलेलं राहतं.

आणि हे लवकर करा. आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत सांगायचं नाही म्हणतात, सासूबाईही तेच म्हणत होत्या, पण हिस्टोपॅथमध्ये, म्हणजे गाठीचे तुकडे तपासतात तिथे, झायलीन, फॉर्मॅलिन या केमिकलच्या वाफेत उभं राहायचं असेल किंवा साथ चालू असेल तर पहिले तीन महिनेच तर बाळाचे अवयव तयार व्हायचे असतात ना, तेव्हा गप्प बसून कसं चालेल. अख्ख्या लॅबला पेढे वाटू नका, फक्त इन्चार्जला सांगा.

पीपीईबद्दल. नाशिकला लोक थंड हवेचं म्हणतात पण एप्रिल-मेच्या दुपारी तो सूट घालून बघा. घाम येऊ नये, सारखं बाथरूमला जायला लागू नये म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, आणि प्रेग्नन्सीत युरीन इन्फेक्शन तसंही पटकन होतं, त्यात हे. माझ्यासोबतच्या एका सिस्टरला त्यावरूनच ॲडमिट व्हायला लागलं होतं. त्यामुळे सूट लागणारं काम असेल तर लहान शिफ्ट मागा, आणि मशीनवर असाल तर पूर्ण सूट लागतच नाही, नीट बसणारा एन-95, ग्लोव्ह्ज, ॲप्रन, चष्मा एवढं पुरतं. मास्क नाकावर दाबून श्वास सोडून बघायचा, चष्म्यावर वाफ आली तर तो बसलेला नाही. घालताना कोणी चुकत नाही, काढताना घाई होते. ग्लोव्ह्ज, मग ॲप्रन, हात सॅनिटाईज, मास्क सगळ्यात शेवटी, तोही बाहेर येऊन.

सेंट्रिफ्यूज (ट्यूब गरगर फिरवायचं मशीन) थांबल्या थांबल्या झाकण उघडायची सवय सगळ्यांनाच असते, कारण खाली पेशंटचे नातेवाईक रिपोर्टसाठी ओरडत असतात. थोडं थांबा. आत ट्यूब फुटल्याचा आवाज आला असेल तर अर्धा तास झाकण बंदच, आणि साफ करायला दुसऱ्याला हाक मारा, लाज कसली. साफसफाईच्या जंतुनाशकाच्या, एक टक्का हायपोक्लोराईटच्या, वासाने मला तर पाचव्या महिन्यापर्यंत उलटीच व्हायची, ते बनवायचं काम मी लॅबमधल्या मदतनीस मामांना देऊन टाकलं होतं आणि त्याबदल्यात त्यांच्या मुलाचे बारावीचे फॉर्म भरून दिले.

घरचं प्रेशर हा वेगळाच विषय. 21 एप्रिलला महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनची गळती होऊन वीसच्या वर पेशंट गेले, त्या रात्री निफाडहून आईचा फोन, "बाळा, सोड ती नोकरी, आम्ही पोसू तुला." मीही रडले. पण सोडली असती तर मॅटर्निटीचा पगार गेला असता आणि हे मुलींना माहीतच नसतं. तेव्हा कायदा होता तो 1961 चा, त्यात 2017 ला सुधारणा होऊन पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा झाली, त्यातली जास्तीत जास्त 8 आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येते. अट एवढीच, की तारखेच्या आधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे 80 दिवस काम झालेलं पाहिजे, म्हणजे नवीन लागलेल्या मुलीलाही बऱ्याचदा बसतं. या रजेवर असताना काढून टाकता येत नाही. प्रेग्नन्सीमुळे आजारी पडलात तर वर एक महिना मिळू शकतो. एजन्सीमार्फत कॉन्ट्रॅक्टवर असाल तरी "तुम्हाला लागू नाही" हे ऐकून घेऊ नका. पगार 21,000 च्या आत असेल तर बहुतेक ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) कापली जात असते, मग पैसे तिकडून येतात, आणि त्यासाठी मागच्या दोन सहामाह्यांत 70 दिवसांचं काँट्रिब्युशन लागतं. ते भरलंय का हे ऑनलाईन आधीच बघून ठेवा, आठव्या महिन्यात एजन्सीच्या मागे सातपूरपर्यंत फेऱ्या मारायच्या नसतील तर. मी आधीची रजा कमी घेतली आणि बाळ झाल्यावरची जास्त ठेवली.

कोरोनाच्या लसीचं तेव्हा विचित्र झालं होतं. 16 जानेवारीला आरोग्य कर्मचाऱ्यांना सुरू झाली, सगळा स्टाफ जाऊन हात दुखतोय म्हणत परत आला, आणि मला नाही, कारण तेव्हा प्रेग्नंट बायकांना परवानगीच नव्हती. ती आली 2 जुलैला, अख्खी लाट गेल्यावर! गायनॅकला विचारून मी त्याच महिन्यात घेतली. दंड दुखला, दुसरं काही नाही.

ताप आलाच तर लपवून कामावर जायचं नाही आणि स्वतःच्या मनाने एचआरसीटी (छातीचा सीटी स्कॅन) तर अजिबात काढायचा नाही, त्या वर्षी लोक वडापाव घ्यावा तसे सीटी काढत होते. गायनॅकला फोन करा, ऑक्सिमीटर लावा, 95 च्या खाली आलं की वाट न बघता हॉस्पिटल. आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाची हालचाल कमी वाटली तर साथ असो नसो, जायचं.

आता ज्यांचं लग्न ठरतंय किंवा नुकतंच झालंय त्यांच्यासाठी, कारण साथ काय फक्त कोरोनाची नसते. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये मालेगावला गोवर पसरला तेव्हा आमच्याकडे एक नवीन मुलगी होती, दोन महिने झाले होते लग्नाला. गोवर कोरोनापेक्षाही भयंकर पसरतो, पेशंट खोलीतून गेल्यावर दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून समोरचा पसरवत असतो, म्हणजे काउंटरला बघून कळणारच नाही. आणि गोवर-रुबेलाची लस जिवंत विषाणूची असल्यामुळे प्रेग्नन्सीत देतच नाहीत, ती आधी घ्यायची आणि एक महिना थांबायचं. रुबेला तर मोठ्या माणसाला साधा ताप देऊन जातो पण पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाचे कान, डोळे, हृदय यांवर जातो. मी तिला म्हटलं, आपल्याच लॅबमध्ये रुबेला आयजीजी टाक, म्हणजे अंगात रुबेलाविरुद्ध प्रतिकारशक्ती आहे का ते कळेल, फुकट होईल. निगेटिव्ह आली. तिने लस घेतली, नवऱ्याला थांबायचं कारण समजावून सांगितलं आणि तोपर्यंत लहान मुलांचं कलेक्शन दुसरीने केलं. कांजिण्या लहानपणी झाल्या होत्या का हेही आईला विचारून ठेवा. आणि हेपेटायटिस बी चे तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिने, हे तर नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सुरू करायचे. लॅबवाले स्वतःहून देत नसतील तर जॉइनिंगच्या कागदांवर सही करायच्या आधी मागा, एकदा सही झाली की तो विषय कोणी काढत नाही.