मुंबई ते लंडन किती तास? हिशोब करताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त गोंधळ तिकिटावरच्या वेळेचा होतो. समजा उन्हाळ्यात मुंबईहून रात्री 2 ला विमान निघालं आणि लंडनला सकाळी 7:30 ला उतरलं, तर घरचे सरळ वजाबाकी करतात आणि म्हणतात साडेपाच तासांत पोचले पण! येताना लंडनहून रात्री 9:30 ला बसलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 11 ला मुंबईत, म्हणजे साडेतेरा तास, मग वाटेत काही झालं का म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला. दोन्ही आकडे चूक, कारण निघायची वेळ निघाल्या गावची असते आणि पोचायची पोचल्या गावची. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे आहे, जाताना तेवढे मिळवा, येताना वजा करा, 10 आणि 9 तास येतील. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि फरक साडेपाचचा होतो, मार्चच्या शेवटच्या रविवारी परत साडेचार. दिवाळीच्या आसपास जाणाऱ्यांनी हे बघाच.

मग जाताना तास जास्त का लागतो? वर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, जाताना ते समोरून येतात, येताना पाठीमागून ढकलतात, थंडीत तर त्यांचा जोर आणखी वाढतो. म्हणून 7,200 किमीला ताशी 900 ने भागून 8 तास धरू नका, त्यात रनवेपर्यंतचा वेळ, चढणं-उतरणं आणि रस्ता बदलणं यातलं काहीच येत नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांचा वेळ असाच वाढला होता. आणि काही साइटवर 4,475 दिसतं ते मैल आहेत हो, किमी नाहीत.

तारखेची चूक मात्र खरंच महागात पडते. 15 तारखेचं रात्री 2 चं तिकीट म्हणजे 14 च्या रात्रीच एअरपोर्टवर पोचायचं, 15 ला रात्री जेवून निघालात तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो! तीन तास आधी पोचायचं धरलं तर पुण्याहून गाडीने येणाऱ्यांनी 14 ला संध्याकाळी सहालाच निघावं, घाटात कधी अडकाल सांगता येत नाही. आईबाबा एकटे येणार असतील तर त्यांना तारीख सांगू नका, "रविवारी रात्री जेवण झालं की निघा" असा वार सांगा.

दुबईमार्गे गेलं की खूप लांबून जातो असंही वाटतं, पण तो रस्ता जेमतेम दोनशे किमी जास्त आहे, वेळ खातो तो तिथला थांबा. त्यामुळे स्वस्त तिकीट घेताना किमी बघू नका, थांबा किती तासांचा ते बघा, आणि दीड तासाचा असेल तर वयस्कर माणसांसाठी घेऊच नका.

एअरपोर्टचं नाव पण तपासा. हीथ्रो वेगळं, गॅटविक वेगळं, एकाकडून दुसरीकडे जायला गाडीने तास सहज जातो. मुंबईतही आता सहार आणि नवी मुंबई अशी दोन आहेत, तिकिटावर बीओएम असेल तर सहार, एनएमआय असेल तर नवी मुंबई. घ्यायला येणाऱ्याने विमान उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगांसाठी दीड तास तरी धरावा, सकाळी भारतातून बरीच विमानं पाठोपाठ उतरतात.